ओल्या कपाटातलं लाटणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — ह्यांना नाही, मुलीलाही नाही. तुम्हांला का सांगतेय? माहीत नाही.

तेव्हाची मी म्हणजे काय सांगू — जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये नवी, केस कापलेले, जर्मनची एक परीक्षा पास, आणि तोरा असा की हे गाव जणू माझ्या माहेरचं. सासूबाई आमच्याकडे राहायला आलेल्या. त्यांना जर्मनचा गंध नाही, आणि माझ्याशी बोलायला विषय नाही.

आमच्या इमारतीच्या तळघरात लीन नावाची चिनी मुलगी शिल्पं करायची. शेजाऱ्यांच्या वापरलेल्या वस्तू — कुलूप, वाढायचा डाव, बुटाचा ब्रश — मागून आणायची आणि तिच्याकडच्या जुन्या रीतीनं त्यांवर झाडाचा चीक चढवायची, थरावर थर. त्या चिकानं तिचे हात उतले, फोड आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हा तर बिब्ब्याचाच भाऊबंद." खोबरेल लावलं. मग काय, रोज दुपारी खाली. भाषा एक नाही, तरी दोघींचं हसू जिन्यातून वर यायचं. माझ्याबरोबर त्या कधी अशा हसल्या होत्या? मी कधी हसवलं होतं?

आपलं लाटणं त्यांनी लीनला दिलं. तिच्या पदवीच्या प्रदर्शनातली तीच मुख्य वस्तू. तो चीक ओलाव्यातच वाळतो, म्हणून ओल्या फडक्यांचं कपाट. हे मला माहीत होतं — तेच तर सांगतेय.

लीन बाहेर गेलेली. तिनं सासूबाईंना दिलेली तळघराची किल्ली खुंटीवरून उचलली, खाली गेले, फडकी काढली, कपाट उघडं टाकलं, हीटर लावला. शिवाय चीक अजून ओला आहे ना, हे बोटानं दाबूनही पाहिलं — एवढी मी हुशार.

शेवटचा थर चिकटच राहिला, त्यावर धूळ बसली. लाटणं प्रदर्शनात गेलं नाही. लीन रडत विचारत राहिली, कपाट कुणी उघडलं?

दोन दिवसांनी माझं बोट उतलं.

"काय झालं गं?"

"इस्त्री लागली."

सासूबाईंनी बोट उजेडात धरलं. बिब्बा उतलेला जन्मभर पाहिलेली बाई — तिला इस्त्रीचा चटका कळत नसेल? "जपावं," एवढंच म्हणाल्या. खोबरेल लावलं. मग खाली गेल्या आणि, मी जिन्यातून पाहिलं, लीनसमोर स्वतःच्या छातीवर हात ठेवला — कपाट त्यांनीच उघडलं, अशा अर्थानं.

पुन्हा त्या खाली गेल्या नाहीत. दुपारभर खिडकीशी बसायच्या. जिना गप्प. हवा होता ना गप्प?

शेवटच्या आजारात त्यांच्या पायांना खोबरेल मीच चोळत होते. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं — आणि विचारलं, पाणी हवंय का.