कॅप्टनची पाटी

कुंभार पिंपळगावच्या इंद्रभान खरातचा सत्कार गावाने जरा घाईनेच उरकला, आणि पुढची सगळी भानगड त्यातून झाली. १९९३ साली सरकारी शिष्यवृत्तीवर शिकून त्याने विमान चालवण्याचा परवाना मिळवला. परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हे गावाला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. ट्रकचं लायसन मिळालं की दुसऱ्या दिवशी माणूस ट्रकवर दिसतो, असाच सगळ्यांचा अनुभव. सरपंच काकासाहेबांनी मारुतीच्या पारापुढे मांडव घातला, फेटा बांधला, शाल-नारळ दिलं आणि माइकवरून सांगून टाकलं, "आजपासून आपला इंद्रभान कॅप्टन!"

त्याच वेळी उठून खरं सांगायला हवं होतं. पण डोक्यावर फेटा, समोर दीडदोनशे माणसं आणि पुढच्या रांगेत डोळे पुसणारी आई, साळूबाई. इंद्रभान गप्प बसला. आठवड्याभरात त्याच्या वडिलांच्या, रखमाजींच्या, दारावर पत्र्याची भली मोठी पाटी लागली : 'कॅप्टन इंद्रभान रखमाजी खरात'. खाली पेंटरने चार इंजिनांचं विमान काढलं होतं. चारही इंजिनं एकाच पंखावर होती, पण त्यावरून कुणी हरकत घेतली नाही.

पुढची तीन वर्षं कॅप्टन जालन्यात एका खोलीत राहून बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवत होता. एका मोठ्या विमान कंपनीच्या प्रतीक्षा यादीत त्याचा एकतिसावा नंबर होता आणि ती यादी जागची हलत नव्हती. पहिल्या दिवाळीला तो घरी गेला. पारावर कुणीतरी विचारलं, "किती शिटाचं इमान हाय रे तुझं?" "दीडशे," तो बोलून गेला. त्या उत्तराची त्याला इतकी लाज वाटली की नंतर त्याने गावाकडे पाऊलच टाकलं नाही. पत्रात मात्र दर वेळी लिहायचा, ड्यूटी फार आहे.

१९९६च्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका लहान कंपनीचं पत्र आलं. अठरा शिटांचं विमान. नागपूर, जबलपूर, रायपूर अशा तासा-तासाच्या फेऱ्या, दिवसाला सहा. उजव्या खुर्चीतल्या, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या, नव्या पायलटने प्रवाशांना वजनकाट्यावर उभं करायचं, बॅगा मागच्या कप्प्यात स्वतः लावायच्या, दार लावायचं आणि मग पुढे जाऊन बसायचं. आणि चार वर्षांचा करार. मधे मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं तरी सोडता येणार नाही. होय की नाही, ते सोमवारी दुपारी बाराच्या आत फोनवर कळवायचं होतं.

इंद्रभानने तीन दिवस कागदावर दोन रकाने पाडून पाहिले. हो म्हणावं, तर यादी हलली की मोठं विमान हातचं जाणार. नाही म्हणावं, तर उडण्याचे तास न भरल्याने परवानाच मरायला टेकलेला. आणि दोन्ही रकान्यांच्या मधोमध ती पाटी. अठरा शिटा म्हटल्यावर गाव काय म्हणेल, आणि दादांना, म्हणजे वडिलांना, तोंड कसं दाखवायचं? खरी भीती एवढीच होती, बाकीचे हिशेब नुसते तोंडी लावायला.

रविवारी दुपारी तो अंबडला गेला आणि गावाकडे निघालेल्या भुजंगमामाच्या गाडीत बसला. मामा एसटीत ड्रायव्हर. सव्वीस वर्षं नोकरी झालेली, डेपोतला ज्येष्ठ माणूस. पण मुक्कामी गाडी सोडायला तयार नसायचा. संध्याकाळी खेड्यात न्यायची, तिथंच झोपायचं, सकाळी सहाला परत आणायची. ही गाडी एरवी नव्या पोरांच्या गळ्यात मारतात.

इंद्रभान बॉनेटजवळच्या शिटावर बसला आणि घनसावंगी येईपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं.

"मोठ्या इमानात तू दिवसाला किती बारी खाली उतरवनार?" मामाने विचारलं.

"एखाद्या वेळी. तेही कॅप्टनने दिलं तर."

"आन् ह्याच्यात?"

"सहा. निम्म्या तरी मला मिळतील."

मामाने गाडी एका फाट्यावर थांबवली. एक म्हातारी, दोन पोती, एक सायकल टपावर. परत गिअर. "पुन्याच्या गाडीवर दोन वर्षं काढली म्या. सरळ रोड, नुस्तं बसून राह्यचं. हात जड झाल्ते. ह्या रस्त्यानं मला ड्रायव्हर केलं बघ. तुझं इमान मला कळत न्हाई. पर गाडी शिकायची तर लई बारी थांबावं लागतंय, लई बारी उचलावं लागतंय. हे बराबर कळतंय."

इंद्रभानला ते पटलं. पटलं म्हणून गावाची भीती मात्र गेली नाही.

गावात गाडी पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता. मामाने नेहमीसारखी गाडी उतारावर लावली, सकाळी बॅटरीने दगा दिला तर ढकलायला बरी म्हणून. इंद्रभान घराशी आला आणि थबकला. दारावर पाटी नव्हती. चार खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती.

कळलं यांना, त्याने ओळखलं. दादांनी रागाने काढून फेकली.

आत गेल्यावर चहा व्हायच्या आधीच त्याने सांगायला सुरुवात केली. खोली, बारावीचे वर्ग, एकतिसावा नंबर, नागपूर, अठरा शिटा, बॅगा उचलणं, चार वर्षं. रखमाजी खाली मान घालून ऐकत होते. शेजारच्या झुंबरबाई पीठ मागायला आलेल्या, त्या दारातच खिळल्या.

"अठराच?" झुंबरबाई म्हणाल्या. "आपल्या काळ्या-पिवळ्या जीपीत बावीस बसत्यात की!"

साळूबाईला हसू आवरेना, आणि हसता हसता ती रडायला लागली. इंद्रभानने वडिलांकडे पाहिलं. "दादा, पाटी रागानं काढली का?"

"राग कशाचा?" रखमाजी म्हणाले. "दोन सालाखाली जालन्याला बाजाराला आल्तो. तुझ्या क्लासपुढं हुबा राह्यलो. तू खडूनं हात पांढरे करून शिकवून राह्यला होता. तसाच माघारी आलो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लिव्हायचा, डूटी लई हाय. मंग म्या काय बोलू?" ते म्हणाले. "पाटी होती तवर तू येत नव्हतास. म्हनून काढली."

तीन वर्षं तो ज्यांच्यापासून तोंड चुकवत होता, ते खडूने भरलेले हात बघून मुकाट्याने परत गेले होते. त्याला स्वतःचा मनापासून राग आला.

सकाळी सहाच्या गाडीने तो अंबडला गेला आणि एसटीडी बूथवरून नागपूरला फोन लावला. "येतो," म्हणाला.

मोठ्या कंपनीचं पत्र आठ महिन्यांनी गावच्या पत्त्यावर आलंच. इंद्रभान दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी रायपूरच्या धावपट्टीवर आडव्या वाऱ्यात विमान उतरवताना ते पत्र त्याच्या ध्यानातही नव्हतं.

करार संपल्यावरही तो तिथंच राहिला. २००१ साली त्याच अठरा शिटांच्या विमानावर डावी खुर्ची मिळाली, म्हणजे तो खरोखरचा कॅप्टन झाला. दिवाळीला घरी आला. एव्हाना तो दर दिवाळीला येतच होता. रखमाजी त्याला परसात घेऊन गेले. शेळ्यांच्या कोंडवाड्याला फाटक म्हणून ती पाटी तारेने बांधली होती. विमानाचा रंग उडाला होता, नाव अजून वाचता येत होतं.

"आता लावायची का परत?" रखमाजींनी विचारलं. "आता तर खरी हाय."

इंद्रभानने तार ओढून पाहिली. घट्ट होती.

"नको दादा," तो म्हणाला. "करडं बाहेर येतील."