गॅलरीतला डॉक्टर

"पिऊन आली का ही?"

धुळ्यातल्या त्या दवाखान्याच्या गेटवर वॉचमननं आबांना विचारलं. माझ्यादेखत. आबा माझे वडील. मी त्यांच्या खांद्याला लटकले होते. डावा पाय ओढत, झोकांड्या खात.

आबा म्हणाले, "पियेल नही शे भाऊ. तिले आजार शे."

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. अंगातली फौज अंगातल्याच नसा कुरतडते. मी कापडाच्या दुकानात कामाला होते तेव्हा याच दवाखान्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. ठरलेल्या महिन्यात सलाईनमधून औषध घ्यायचं, चुकवायचं नाही, हे बजावलंही त्यांनीच. मग कोरोना आला. औषधाची तारीख उलटून गेली. फोन केला की एकच उत्तर, "सध्या बंद आहे." कधीपर्यंत बंद, तोवर मी काय करायचं, कोणी सांगेना. एका सकाळी पाय उचलेना. उजव्या डोळ्यापुढे नुसतं धुकं.

डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहायचे. आवाज ऐकून गॅलरीत आले. हातात चहाचा कप.

"तुझ्या आजारानं माणूस मरत नाही," ते वरूनच म्हणाले. "कोरोनानं मरतो. घरी जा. पडून राहा."

आबांनी हात जोडले. याच माणसांसाठी त्यांनी दारात उभं राहून थाळी वाजवली होती. चेपेपर्यंत.

तेवढ्यात मागून गाडी आली. आत एका बागायतदाराची सून, कपाळाला बाम चोळत बसलेली. वॉचमननं आम्हाला बाजूला सारलं, गेट सताड उघडलं. वरून गोड आवाज आला, "या वहिनी. डोकं अजून दुखतंय का?"

दुखत असेलही. पण तिच्या डोक्याला कोरोनाची भीती नव्हती. माझ्या पायालाच होती.

मी आबांचा खांदा सोडला. गेटच्या मधोमध बसले. गाडीच्या पुढ्यात.

"ऊठ व माय," आबा कुजबुजले. "सायेब रागे भरतीन."

"भरू द्या. आधी खाली येऊ द्या त्यांना."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. वॉचमननं दंडाला धरून ओढलं. मी गेटचा गज धरला. आबा मग माझ्याशेजारी येऊन बसले.

शेवटी डॉक्टर उतरले. माझ्यासाठी नाही, गाडीसाठी. नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले.

"तमाशा करतेस?"

"हो. तपासेपर्यंत करणार."

तपासलं. आत जागा नाही म्हणून बाहेर पोर्चमध्ये, स्कूटरींच्या रांगेत मला सलाईन लावलं. वहिनी आत गेल्या. तिथं जागा होती.

पाय अर्धामुर्धा परत आला. उजव्या डोळ्याची नजर आली नाही. पुढे जळगावच्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झाला. झाला कसला? केला.

मागच्या वर्षी त्याच डॉक्टरांचा सत्कार होता. कोरोनायोद्धा म्हणे. पेशंटनी धीर कसा धरावा यावर दोन शब्द बोलायला, त्यांची जुनी पेशंट म्हणून, मला बोलावलं. काठी टेकत गेले. माइकवर गेट सांगितलं, गाडी सांगितली, स्कूटरी सांगितल्या. योद्धा मोबाईल बघत होता. लाजायलाही थोडी माणुसकी लागते.

आयोजक शाल घेऊन पुढे आले. मी म्हणाले, "त्यांनाच घाला. धीर मी धरलाच नव्हता. धरला असता तर आज घरात खाटेवर पडले असते."

तशी खाटेवर पडलेली माणसं धुळे-जळगावात अजून आहेत. ज्यांना वरून कोणी "या वहिनी" म्हणत नाही अशी. मी त्यांना शोधून काढते आणि सोबत दवाखान्यात जाते. आत घेतल्याशिवाय आम्ही परत फिरत नाही.