खिशातला गूळ

सकाळी ह्यांनी मधुमेहाची गोळी घेतली आणि आम्ही पनवेलहून कोंडाण्याची लेणी बघायला निघालो. चौकला ढाब्यावर मिसळ मागवली. ह्यांच्या ताटलीतले दोन्ही पाव मी उचलून बाजूला ठेवले. साखर वाढल्याचं कळल्यापासून ह्यांच्या घासाघासावर माझा पहारा असे, आणि मला त्याचा अभिमानही होता.

कोंडाण्यात शेवटच्या घराच्या पडवीत एक आजी तांदूळ पाखडत होत्या. आम्हाला बसवून त्यांनी तांब्याभर पाणी आणि बशीत गूळ पुढे केला. "उन्हातून येऊन नुसतं पानी पिऊ नाय," त्या म्हणाल्या. मी बशी परत सरकवली. ह्यांना गोड म्हणजे विष, असं ठणकावून सांगितलं आणि बुटाची नाडी बांधायला पायरीवर गेले. हे मागे आजींशी काहीतरी बोलत रेंगाळले.

रानातली वाट सावलीची, पण चढ दमवणारा. मी ह्यांच्या मागेच चालत होते. लेणी जवळ आली तेव्हा ह्यांचे पाय अडखळायला लागले. शर्ट घामाने चिंब, हात थरथरत होते. वय झालं म्हणून मी चिडवलं, तर उत्तर धड येईना. मग माझ्या ध्यानात आलं. गोळी साखर खाली ओढतच होती, आणि पोटात होती फक्त बिनपावाची मिसळ. पिशवी उलटी केली. काकडी, भाजलेले चणे, बिनसाखरेचं लिंबूपाणी. सगळं माझ्या शिस्तीतलं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं, माझ्या फोनला रेंज नव्हती.

ह्यांचा फोन काढायला खिशात हात घातला, तर पळसाचं पान लागलं. आत गुळाचा खडा होता.

"खा," मी म्हणाले. चोरी पकडल्यासारखं माझ्याकडे बघत ह्यांनी तो तोंडात टाकला. त्यांचा हात धरून मी बसून राहिले. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. पाऊण तासासारखी वाटलेली पंधरा मिनिटं गेली, मग थरथर थांबली आणि ह्यांनी पाणी मागितलं.

लेणी राहिलीच. हळूहळू उतरून पुन्हा त्याच पडवीत टेकलो. आजींनी न विचारता भाकरी वाढली. मी सगळं सांगितलं.

"तवाच खायाचा व्हता की," त्या ह्यांना म्हणाल्या.

"ही पुढे गेली की खाणार होतो," हे खाली बघत म्हणाले. "ती गेलीच नाही."

घरी आल्यावर डॉक्टरांकडून गोळीची आणि जेवणाची वेळ नीट लावून घेतली. पिशवीत आता साखरेची पुडी असते. आणि कुठल्याही चढावर मी चार पावलं पुढे चालते, मागे वळण्याआधी जरा खाकरते.