झिऱ्याच्या काठावरच्या चपला

दुष्काळातला तो झिरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उदगीरच्या बाजूच्या एका गावात मी फौजदार होतो. माझ्याबरोबर भरती झालेला एक मित्र मात्र नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी गेला आणि पाठोपाठ त्याला बढतीही मिळाली. "वशिला असणार," असं मी ठाण्यात सगळ्यांना सांगत असे. तो माझ्यापेक्षा कामाचा होता, हे मला ठाऊक होतं.

गावाबाहेरचा तलाव पूर्ण आटला होता. त्याच्या काठावर, एका वस्तीला लागूनच, नवा कचरा डेपो करायचं घाटत होतं. वस्तीनं हरकत घेतली. वस्तीजवळ किंवा पिण्याच्या पाण्याजवळ नवा डेपो नको, असा वरून हुकूम होता. पण वस्तीपासूनचं अंतर कुठून धरायचं यावर वाद पडला. शेवटी तहसीलदार म्हणाले, "तलावात पिण्याचं पाणी दाखवा, डेपो इथं होणार नाही."

पाणी होतं. वस्तीतल्या एका तरुणानं तलावाच्या पोटात खणलं आणि गोड पाण्याचा झिरा लागला. बाया वाटीनं घागरी भरत आणि संध्याकाळी झिऱ्यावर बाभळीच्या काट्या रचून ठेवत.

तहसीलदारांच्या पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यात मेलेलं कुत्रं आणि सडका कचरा सापडला.

मी पंचनामा केला. दुपारी खबऱ्यानं सांगितलं, "साहेब, हे डेपोच्या ठेकेदाराचंच काम हाय." मलाही तसंच वाटत होतं. ठेकेदाराला ठाण्यात आणून बसवलं. तो घामाघूम झाला.

"मी त्या झिऱ्यात परत कशाला उतरू, साहेब? परवा नुसता बघायला गेलो, तर बायांनी धरलं. म्हणे, बूट काढ आधी, देवळात काय बुटानं जातो का? हाताखालच्या गड्यांसमोर इज्जत गेली हो माझी!"

जमादार हसला. मी पंचनामा पुन्हा काढून वाचला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: काठावर टायरच्या चपलांच्या जोडीचा ठसा, डाव्या टाचेला ठिगळ, आत उतरताना अनवाणी पावलं, झिरा काट्यांनी पूर्ववत झाकलेला. म्हणजे घाण टाकायला आलेल्या माणसानंही आधी चपला काढल्या होत्या आणि जाताना काट्या नीट लावल्या होत्या. हा माणूस वस्तीतलाच होता.

मी वस्तीवर गेलो. सगळे एकाच वेळी ओरडत होते, ठेकेदाराला शिव्या देत होते. फक्त एक जण भिंतीला टेकून शांत होता. झिरा शोधणाऱ्या तरुणाचा थोरला भाऊ. पंचक्रोशीत विहिरीची जागा दाखवणारा जाणकार म्हणून त्याचं नाव होतं.

तो म्हणाला, "पाणी तरी कुठलं, साहेब? वरचा पाझर होता. नशिबानं लागलं त्याला. चार दिवसांत आटलंच असतं."

तो सूर मी ओळखला. "वशिला असणार" म्हणताना माझा आवाज असाच लागत असे. मी त्याच्या पायांकडं पाहिलं. डाव्या चपलेच्या टाचेला ठिगळ होतं, ठशातही होतं.

ठाण्यात त्याला समोर बसवलं, पण हात उगारला नाही. मी म्हणालो, "माझ्या बरोबरीच्या माणसाला बढती मिळाली. कळलं त्या दिवशी मला घास गिळवला नाही."

त्यानं मान वर केली. "मग काय केलंत, साहेब?"

"काही नाही. बिघडवण्यासारखं हाताशी काही नव्हतं, म्हणून."

तो बोलू लागला. "पाणी दाखवणं माझं काम हाय. तलावात पाणी न्हाई, असं म्याच सांगितलं होतं. त्यानं कुदळ मारली अन् लागलं. सारी वस्ती त्याला हात जोडून राहिली. माझी बायको बी! घागर टेकवताना रोज म्हणायची, भावजींचं पाणी लई गोड हाय."

"अरे, पण डेपो तुझ्याच दारात आला असता."

"ते ध्यानातच आलं न्हाई, साहेब. त्याचा झिरा बंद व्हावा, येवढंच डोक्यात होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जागा दाखवण्यासाठी त्याला तलावात नेलं. चपला मुद्देमालात जमा होत्या, तो अनवाणी होता. वस्तीला सगळं कळलं होतं. धाकटा भाऊ कुदळ घेऊन बिघडलेल्या झिऱ्याशी उभा होता. तहसीलदारांची जीप बांधावर दिसली, तसा तो जवळ आला.

"अण्णा, आता कुठं खणू? तूच सांग."

तलावाच्या वरच्या अंगाची ओल थोरल्यानं पायानंच चाचपली आणि एका ठिकाणी थांबला. "हितं."

तहसीलदार तासन् तास छत्री धरून थांबले. पाणी लागलं. ते पुढं सरसावले, तशी एक म्हातारी ओरडली, "बूट, साहेब, बूट!" त्यांनी बूट काढले, ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि तिथंच अहवाल लिहिला. डेपो पुढं वस्तीपासून लांब, खडकाळ माळावर गेला.

मी थोरल्याला घेऊन निघालो. जमीन तापली होती. धाकट्यानं आपल्या चपला काढून त्याच्या पायांपुढं ठेवल्या. थोरला त्यात पाय घालेना. "घाल की अण्णा, ऊन लई हाय," असं म्हणून धाकटा तसाच अनवाणी वस्तीकडं वळला.

थोरल्यानं गुन्हा कबूल केला, कोर्टानं दंड केला. मत्सर करणाऱ्याला आपलं नुकसान दिसत नाही, समोरच्याचं भलं तेवढं दिसतं. हे मला आरोपीनं शिकवलं, असं सांगायला बरं वाटतं. खरं तर मी ते आधीपासून जाणत होतो, म्हणूनच तो सापडला.

पाणी लागलं त्या दिवशी संध्याकाळी ठाण्यात परतल्यावर टेबलावरच्या फोनकडं बघत बसलो. बढतीबद्दल मित्राचं अभिनंदन करायचं राहिलं होतं. रिसीव्हर उचलला, जिल्ह्याचा नंबर मागितला, आणि लाईन लागायच्या आत खाली ठेवला.