शेवटचा सामना कधी खेळला

"दोन मिनिटं माझ्याकडे बघून बोल ना!"

"बघतोय की. बोल तू."

"तू स्क्रीनकडे बघतोयस, गिरीश."

गिरीशने लॅपटॉप अर्धवट मिटला. पूर्णिमाने फडकं उचललं आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला. मग ते सोडून खिडकीशी गेली, तिथूनही परत आली. डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमधल्या त्या फ्लॅटमध्ये भांडायला सात पावलांपेक्षा जास्त जागा नव्हती.

"रिंगास्किडी म्हणजे कॉर्कच्याही पलीकडे, इथून तीन तासांवर," गिरीश म्हणाला. "तू तिकडे नोकरीला गेलीस तर रेवाला शाळेतून कोण आणणार?"

"तू."

"मला अडीचला मीटिंग असते."

"मला पाच वर्षं नव्हती. आता असेल."

पूर्णिमा नागपूरची. औषधाच्या गोळ्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिने सहा वर्षं काढली होती. २०१४ साली गिरीशला डब्लिनला नोकरी लागली, तशी दोन वर्षांच्या रेवाला घेऊन तीही आली. नवऱ्याच्या मागून आलेल्या बायकोला कामावर घ्यायचं तर कंपनीला तिचा वेगळा परवाना काढावा लागे. मुलाखती छान होत. परवान्याचा विषय निघाला की फोन यायचे बंद होत. तरी ती दर वर्षी तपासणीचे बदललेले नियम छापून वाचायची आणि प्रेसमध्ये ठेवायची. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, रेवामुळे तो शब्द घरातही रुळला होता. या मार्चमध्ये सरकारने परवान्याची अट काढली आणि जानेवारीत तिला नको म्हणालेल्या रिंगास्किडीच्या कंपनीने आपणहून फोन केला. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं.

गिरीशच्या लॅपटॉपवर अमेरिकन फुटबॉलचा तक्ता होता. बॉस्टनच्या सहकाऱ्यांमुळे त्याला तो नाद लागला. बाकीचे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्यावर, क्वार्टरबॅकवर जीव टाकत. गिरीशचा जीव त्याच्या राखीव माणसात. मुख्य गडी जायबंदी होईपर्यंत हा बाजूला उभा. मागच्याच वर्षी अशा एका राखीव गड्याने अंतिम सामना जिंकून दिला, ती हकीकत गिरीशने गणपतीला आलेल्या प्रत्येकाला ऐकवली होती. मार्चमध्ये संघ नवे करार करतात, म्हणून तक्ता फुगला होता. वय, फेक, आणि शेवटचा सामना कधी खेळला.

"हा लाल का?" पूर्णिमाने लॅपटॉप पुन्हा उघडून तक्त्यातल्या एका लाल ओळीवर बोट ठेवलं.

विषय बदलला म्हणून गिरीश खुलला. "तो बाद. दुसऱ्यांशी ताडून बघ ना. हा पस्तिशीचा, पण गेल्या वर्षी चार सामने खेळलाय. हा लालवाला तरुण आहे, रोज सराव करतो, पण तीन वर्षांत एक सामना नाही. गंज चढतो गं. अशा माणसाच्या हातात मी तरी संघ देणार नाही."

"आणि पाच वर्षं नसेल खेळला तर?"

"पाच म्हणजे मग तर..." तो थांबला. "ए, तुझं तसं नाही."

"कसं आहे माझं?"

गिरीशने चष्मा काढला.

"मला भीती वाटते, पूर्णिमा. तिकडे नाही जमलं तर तुला फार लागेल."

"आणि जमलं तर?"

यावर त्याने विचारच केला नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसलं. तो म्हणाला, "रेवा लहान आहे अजून."

"आय'म सेव्हन," सोफ्यावरून रेवा म्हणाली.

पूर्णिमाने फोन घेतला. उभ्याउभ्याच चार ओळींचा मेल लिहिला, एकदा वाचला, पाठवून दिला. पुन्हा फडकं उचललं, मग तिथेच टाकलं.

"काय केलंस?" गिरीशने विचारलं.

"एकोणतीस एप्रिलला मी रुजू होतेय. सोमवार ते शुक्रवार कॉर्कला राहीन. रेवा, शाळा सुटली की तुला बाबा न्यायला येईल."