दोन्ही हात वर

दौंड स्टेशनात फलाटाच्या टोकाला एक शेतकरी मला रोज भेटायचा. बैलगाडीवरून पडून त्याचा उजवा खांदा आखडला होता, आणि डॉक्टरांनी दोन्ही हात एकदम डोक्यावर न्यायचा व्यायाम सांगितला होता. गाडीची वाट बघत तो हात उचलायचा. मी बाकावर बसून माझा मोडलेला गुडघा वाकवायचो. त्याचा डावा हात थेट आभाळात जायचा, उजवा कानापाशी येऊन रुसायचा.

"मास्तर, दसऱ्याला झेंडूची पाटी डोईवर घ्यायची हाय," म्हणायचा आणि पुन्हा सुरू.

एके सकाळी त्यानं दात आवळले आणि दोन्ही हात वर! समोरून येणारं शंटिंगचं इंजिन करकचून थांबलं, मागचे मालडबे एकमेकांवर आदळले. रेल्वेत दोन्ही हात वर म्हणजे 'थांबा'. दौंडात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, याला नव्हतं. मी सांगितलं, तसा तो फुलूनच गेला.

"डाक्टर म्हनायचे, हात जाईल वर. मला पटत न्हवतं. आज इंजनाला पटलं की वो, मास्तर!"

"अरे बाबा, हात खाली घे, मला जायचंय!" ड्रायव्हर ओरडला.

पण खाली घेतोय कोण? इंजिन शिट्ट्या मारत राहिलं, आणि हा दोन्ही हात वर धरून फलाटभर नाचत राहिला.