शेवटच्या ओळीतला दोन

सोळा डिसेंबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून तासाभराच्या अंतरावरील एका निवासी शाळेच्या पटांगणात मी रक्तनमुन्यांची शीतपेटी घेऊन उतरले, तेव्हा प्रार्थना संपली होती. एक उंच, किंचित वाकलेले शिक्षक रांगांमधून फिरत होते आणि प्रत्येक विद्यार्थ्यापुढे थांबून एकच प्रश्न विचारत होते, "आज किती?" विद्यार्थी शून्य ते दहामधला एक आकडा सांगत, शिक्षक तो वहीत लिहून पुढे सरकत. "शून्य." "तीन, दात." "पाच, सर, पायाले काटा." एका मुलीने "गणिताच्या तासाले नऊ" असे सांगितले, तेव्हा शिक्षकांनी चेहरा न बदलता उत्तर दिले, "मंग आज दोन तास घेतो. दहा पुरे होतीन."

हे गुरनुले सर. गणित शिकवीत आणि वसतिगृह सांभाळीत. शाळेतील काही मुलांना सिकलसेल होता. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य वेदना उठतात. थंडी आणि पाण्याची कमतरता ही त्याची नेहमीची निमित्ते. आजारी मुलांना वेगळे उभे करावे लागू नये, म्हणून सरांनी सगळ्या शाळेच्याच दुखण्याला मार्क द्यायला सुरुवात केली होती. "दुखणं लपवाचं नाई आन मिरवाचंही नाई," ते म्हणत. "त्याले मार्क द्याचे. या परीक्षेत सातच्या वर गेला तो पास. पास झाला का थेट दवाखान्यात."

मी मूळची गोंडपिपरीची. नागपुरात जीवरसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन एका संशोधन प्रकल्पासाठी सहा महिने या शाळेत राहणार होते. सरांची वही पाहताच मला त्यात पहिला शोधनिबंध दिसू लागला, हे कबूल केले पाहिजे. वही संगणकावर उतरवून घेण्याची परवानगी मागितली, तर ते म्हणाले, "हे मार्क माह्ये नाईत, बाई. पोट्ट्यांचे हायेत. त्याहिले विचारा, त्याहिच्या मायबापाले विचारा." त्या विचारण्यात माझे तीन आठवडे गेले. त्या काळात सरांविषयी मी बारीकसारीक पुष्कळ टिपले: वर्गात शिरताच आधी सगळ्यांना पेलाभर पाणी प्यायला लावणे, खडूचा शेवटचा तुकडा खिशात ठेवणे, दुपारच्या उन्हातही पायांत जाड लोकरी मोजे असणे. टिपले सगळे. मोज्यांवरून जो निष्कर्ष काढायला हवा होता, तो मात्र काढला नाही.

वसतिगृहातील एका मुलीचे शाळेत राहणे त्या वहीवर अवलंबून होते. सुषमा बारावीत होती. तिला सिकलसेल होता आणि तिच्या थोरल्या भावालाही होता. तो दूरच्या वसतिगृहातच वारला, आणि निरोप पोहोचला तेव्हा वडील, परसराम, गावच्या तलावात जाळे ओढत होते. म्हणून दिवाळीनंतर त्यांनी मुलीला परत पाठवायचे नाकारले. घरी राहिली तर हिवाळ्याच्या पहाटे तीही गार पाण्यात उतरणार, हे सरांना ठाऊक होते. ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसले आणि दिवसभराच्या बोलण्यानंतर एक करार करून उठले: रोज सकाळी साडेसातला सर फोन करून सुषमाचे मार्क कळवतील, सातच्या वर गेले, तर त्याच दिवशी वडिलांनी तिला घेऊन जावे, सर आडवे येणार नाहीत.

रोज साडेसातला सर कार्यालयाच्या पायरीवरून फोन लावत. "परसराम भाऊ, आज तीन." पलीकडून आधी तलावाच्या पाण्याचा आवाज येई. मग, "बरं." एवढेच.

अकरा जानेवारीला, सगळ्यांची संमती हाती आल्यावर, मी वहीतले आकडे संगणकावर उतरवायला बसले आणि सुषमाच्या ओळीपाशी थांबले. दिवाळीनंतरच्या सत्तावन्न नोंदी, आणि सत्तावन्नही तीन. गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, रात्रभर नाटक पाहून सगळी शाळा गारठली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी इतर प्रत्येकाचा आकडा वर सरकला होता. हिचा तीन. खऱ्या मोजमापात इतकी शिस्त नसते. पान संपेपर्यंत बोट खाली नेले. सर्वांत शेवटी "स्वतः" असे लिहिलेली एक ओळ होती. सर रोज स्वतःलाही मार्क देत आणि मोठ्याने सांगत. तिथे दोन होता. मागचे पान, दोन. कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. तिथेही दोन.

मी वही घेऊन सरांसमोर गेले. "सर, सुषमाची नोंद खोटी आहे."

"पोट्टी धीट हाये, बाई."

"धीट माणसाचेही आकडे हलतात. आणि ही शेवटची ओळ? हीदेखील धीट आहे?"

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ ते नडगीवरून हात फिरवत राहिले. "शाळेतल्या साऱ्याइचं रक्त घेतलं तुमी. माह्यं नाई घेतलं," ते म्हणाले. "घेऊ नका. मले ठाऊक हाये काय निघते ते. पंचवीस वर्षांपासून ठाऊक हाये."

तेव्हा ते मोजे मला दिसले.

"मी दोन म्हणतो त पोट्टे म्हणतात, सर उभे हायेत, आपणही उभे राहू. मी त्याले धीर देणं समजून राह्यलो होतो."

"सर, मापनयंत्रच चुकीचे असेल, तर त्याने घेतलेले प्रत्येक माप चुकते," मी म्हणाले. वाक्य शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होते. ते एवढ्या कोरडेपणाने उच्चारल्याची बोच मात्र अजून गेलेली नाही.

सर हसले. "आयुष्यभर मार्क देत आलो. आज मले भेटले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रांगांमध्ये फिरले नाहीत. त्यांनी खुर्ची मागवली, तिच्यावर बसले, वही माझ्या हाती दिली आणि सुरुवातच स्वतःपासून केली. "आज माह्ये आठ. लिहा, बाई." मागच्या रांगेत कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. "सिकलसेल हाये मले. आठ म्हणजे हाडात कोनं तरी करवत चालवून राह्यलं असं. आता तुमी सांगा. खरं सांगा." आकडे येऊ लागले, आणि ते कालचे नव्हते. सुषमाची पाळी आली. ती सरांकडे बघत नव्हती. त्यांच्या मांडीवरच्या फोनकडे बघत होती. मी पेन टेकवून उभी होते. तिने "तीन" म्हणावे, असे मला त्या क्षणी मनापासून वाटले. खोटा आकडा हवासा वाटण्याचा माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग.

"साडेसात, सर," ती म्हणाली.

सरांनी सर्वांसमक्ष फोन उचलला. "परसराम भाऊ, आज साडेसात." पलीकडून "बरं" आले नाही.

सुषमाला आम्ही ग्रामीण रुग्णालयात नेले. सलाइन सुरू झाले आणि दुपारपर्यंत वेदना उतरू लागल्या. बाराच्या सुमारास परसराम आले. पँटच्या गुडघ्यांपर्यंत तलावाचा चिखल वाळलेला होता. खाटेजवळ उभे राहून त्यांनी मुलीला सांगितले, "सामान बांध."

"घेऊन जा, भाऊ," सर म्हणाले. "शब्द देल्ला हाये, मोडत नाई. फक्त एक ऐकून जा. हेच रक्त माह्यं हाये. मी त्रेपन्न वर्षांचा हावो."

परसराम वळले. त्यांनी सरांना वरपासून खालपर्यंत पाहिले: पांढरे केस, चष्मा, वाकलेली पाठ. "किती?"

"त्रेपन्न."

"हे रक्त असून?"

"हाव."

परसराम खाटेच्या कडेवर बसले. हा आजार असलेले माणूस म्हातारे होऊ शकते, हे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते, आणि दाखवले तर नव्हतेच. पोराचा जीव गेल्यापासून ते मुलीचेही उरलेले दिवस मोजत होते. त्यांनी विचारले, "मंग इतके दिवस सांगतलं काऊन नाई, गुरुजी?"

"भेत होतो. पोट्टे म्हणतीन, सर बिमार हायेत."

"बिमार त हायेच तुमी!" परसराम चिडून म्हणाले. "दिवाळीले पाळीवर दिवसभर बसले, आशेच्या येवढ्या गोष्टी सांगतल्या, आन ही एक नाई सांगतली?"

 

परसराम उठले, त्यांनी मुलीच्या पायांवर चादर नीट केली. "राहू द्या इथी. सातच्या वर गेलं त घरी नाई, दवाखान्यात न्या आन मले बलवा. पण आजपासून सकाळी दोन आकडे सांगाचे. हिचा आन तुमचा."

त्यानंतर साडेसातच्या फोनवर दोन आकडे जात. सरांची ओळ पाचांवर गेली, सातांवर गेली, एकदा एकावरही आली. त्या दिवशी सरांनी मुलांबरोबर कबड्डीचे गुण मोजले. सुषमाची ओळ इतरांसारखीच वेडीवाकडी झाली. परीक्षेच्या काळात ती दोनदा रुग्णालयात जाऊन आली, पण सर्व पेपर तिने दिले आणि उत्तीर्ण झाली. तो आकडा सरांनी वहीत लिहिला नाही. "ते मार्क बोर्डाचे हायेत. आपली वही वेगळी." माझी मुदत संपली, निबंधही लिहून झाला. वहीची चालू प्रत सरांनी माझ्याकडेच राहू दिली. मुले, आणि शाळा सोडलेली सुषमाही, रोज आकडे फोनवर कळवीत.

सात ऑगस्टला, सायंकाळी चार वाजून वीस मिनिटांनी, मी गडचिरोलीच्या रुग्णालयात त्यांच्या खाटेपाशी होते. छातीत संसर्ग उतरला होता, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, आणि बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा माझ्या मनात राहू नये, म्हणून मी वही उघडली.

"सर, आज किती?"

त्यांनी मुखवटा बाजूला केला. "आधी सुषमाचे सांगा."

"चार."

"खरे?"

"खरे. काल सहा होते."

ते समाधानाने हसले. पुढचा श्वास मिळवायला त्यांना बराच वेळ लागला. "मंग लिहा, बाई," ते म्हणाले. "आन खोडू नका."

पहाटे सर गेले. वही माझ्याकडे आहे. "स्वतः" या शब्दापुढे, त्या दिवसाच्या रकान्यात, माझ्या अक्षरात त्यांनी सांगितलेला आकडा आहे: नऊ.